पंचक्रोशीतले नाव

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचे कारण नाही, तरीही चौघांच्या मनात रुतलेला काटा एकच आहे. मोजक्या माणसांना आपण ठाऊक असणे याला प्रसिद्धी म्हणावे काय आणि म्हणायचे तर तिचे मोल कसे करावे, असा तो प्रश्न. म्हणून या वेळी ही चारच पत्रे घेतली आहेत. इतरांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. चारही पत्रलेखकांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली आहे, आणि विषय पाहता ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटली.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा असून बँकेतून निवृत्त झालो आहे. गेली ३४ वर्षे मी सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन-चार दिवस, आझाद मैदानावरच्या क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन करतो. मैदानाच्या भाषेत सांगायचे तर मी स्कोअरर आहे. तिथल्या तंबूंमध्ये मला सगळे ओळखतात. ज्यांच्या शालेय सामन्यांतल्या धावा मी लिहिल्या, ते आज आपल्या मुलांना घेऊन येतात आणि ‘काकांना नमस्कार कर’ असे सांगतात. गेल्या महिन्यात एका क्लबने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. घरी सगळे आनंदात असताना माझे मेहुणे हसत म्हणाले, “भावोजी, वासरात लंगडी गाय शहाणी!” मीही हसलो, परंतु ते वाक्य मनातून जाईना. संध्याकाळी मैदानातून निघून भुयारी मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आलो की मला ओळखणारे एकही माणूस उरत नाही, हे खरेच आहे. मग मला मिळते ती प्रसिद्धी की नुसती ओळख? आणि या वयात असल्या वाक्याने मन खट्टू व्हावे, याची लाज वाटावी काय?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : लाज वाटण्यासारखे यात काही नाही. ज्या कामात माणसाने ३४ वर्षे घातली, ते काम घरच्याच माणसाने एका म्हणीत निकालात काढले तर मन खट्टू होणारच.

आता त्या म्हणीचाच समाचार घेऊ. कळप लहान आहे अशी तिची तक्रार नाही. कळपात सगळी वासरेच आहेत, हे तिचे म्हणणे आहे. पारख करणारा कोणी नसला की कोणीही शहाणा ठरतो, एवढ्यापुरतीच ती खरी. तेव्हा आझाद मैदानावरच्या तंबूत आपल्याला मान देणारी माणसे वासरे आहेत काय, हे पाहावे लागेल. फलंदाजाच्या पायाला लागून गेलेल्या चेंडूवरची धाव आपण चुकून त्याच्या खात्यात मांडली, तर चहाच्या वेळी गोलंदाज येऊन आपल्या नावापुढचे आकडे तपासतो आणि हिशेब मागतो. शेजारी प्रतिस्पर्धी संघाचा स्कोअरर बसलेला असतो आणि षटक संपले की दोन्ही वह्यांचा ताळा जुळल्याखेरीज कोणालाही चैन पडत नाही. इतकी वर्षे शेजारच्या खुर्चीवरून आपली प्रत्येक बेरीज पडताळली गेली आहे. एवढे कडक लेखापरीक्षण आपल्या बँकेतही झाले नसेल.

क्रिकेटच्या नियमावलीत पहिला नियम खेळाडूंविषयी, दुसरा पंचांविषयी आणि तिसरा गुणलेखकांविषयी आहे. चेंडू, बॅट आणि खेळपट्टी यांचा क्रम त्यानंतर लागतो. पंचाने चौकाराची किंवा बायची, म्हणजे बॅटला वा अंगाला न लागलेल्या चेंडूवरच्या धावेची, खूण केली की ती पोहोचल्याचे गुणलेखकाने कळवायचे असते, आणि तसे कळेपर्यंत पंचाने खेळ पुढे जाऊ द्यायचा नसतो. म्हणजे दिवसातून कित्येकदा मैदानावरची सगळी माणसे आपला हात वर जाण्याची वाट पाहत थांबतात. आपल्या मेहुण्यांना हे ठाऊक नसावे.

मला तर ही म्हण मोठ्या प्रसिद्धीलाच अधिक शोभते असे वाटते. पडद्यावरच्या एखाद्या चेहऱ्याला कोट्यवधी लोक ओळखतात, पण त्याच्या कामातले उणे बोट ठेवून दाखवू शकतील असे त्यांत किती असतात? तिथे कळप प्रचंड असतो आणि जवळजवळ सगळा वासरांचा असतो.

मराठीत लहान प्रसिद्धीसाठी एक माप फार पूर्वीपासून आहे, ते म्हणजे पंचक्रोशी. ‘पंचक्रोशीत त्यांचे नाव होते’ असे आपण वैद्याविषयी, सुताराविषयी, कीर्तनकाराविषयी, पैलवानाविषयी म्हणत आलो. कोस प्रांतोप्रांती निराळा, पण ढोबळमानाने तो तीन किलोमीटरांचा धरला तर पाच कोस म्हणजे पंधरा किलोमीटर. चर्चगेटहून मोजत निघालो तर वांद्र्यापाशी संपणारे अंतर. मला या मापात मोठे शहाणपण दिसते. वैद्याच्या औषधाला गुण आला की नाही, सुताराने घडवलेले औत दोन पावसाळे टिकले की नाही, हे जाऊन बघून येता येईल एवढाच हा टापू आहे. त्यात जो कोणाचे नाव घेतो, तो त्या कामाचे गिऱ्हाईक असतो, नाहीतर साक्षीदार. त्यापलीकडे जे जाते ते ऐकीव.

मुंबईत मात्र पंचक्रोशी कोसांनी मोजता येत नाही. इथे शेजारच्या दारावरची पाटी वाचायला वर्ष जाते, आणि तरी आपल्या कामाच्या माणसांत आपले नाव कल्याणपासून कुलाब्यापर्यंत पोहोचलेले असते. नाटकाची प्रकाशयोजना सांभाळणारा माणूस दादरच्या शिवाजी मंदिरापासून पार्ल्याच्या दीनानाथपर्यंत प्रत्येक नाट्यगृहाच्या मागच्या दारी नावानिशी ओळखला जातो. तोच पुढच्या दाराने आला तर त्याला तिकीट विचारतात. त्याच्या नावात काही खोट आहे म्हणून हे घडत नाही. त्याची पंचक्रोशी मागच्या दाराशी आहे, इतकेच. आपली मैदानाच्या कडेने संपते आणि भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरताच आपण घरी निघालेल्या लाखांतले एक होता. मला यात काहीसा दिलासाही दिसतो. ज्यांना सारे शहर ओळखते, त्यांना गाडीच्या दारात उभे राहून वारा खाता येत नाही.

मैदानाची साक्ष काढायची तर पद्माकर शिवलकरांची काढावी. प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते आणि त्याच काळात, त्याच जातकुळीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी भारतीय संघात होते. शिवलकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत. क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१७ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये ते गेले. मैदानावरचे नाव ही त्यांच्या कसोटीच्या टोपीची भरपाई होती, असे मी म्हणणार नाही. ज्याचे काही हुकले आहे, त्याला आपण बसल्या जागेवरून समाधान वाटणे हा उद्धटपणा झाला. परंतु ज्या फलंदाजांनी त्यांना खेळून पाहिले होते, त्यांना त्यांची थोरवी मोजण्यासाठी त्या टोपीची गरज पडली नाही, हेही तितकेच खरे.

मुंबईची कांगा लीग पाहा. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाळ्यात, ओल्या आणि न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर, गुडघ्याशी येऊ पाहणाऱ्या गवतात खेळली जाते. अशा खेळपट्टीवर ज्याच्यापुढे उभे राहणे नको होते, तो गोलंदाज हिवाळ्यातल्या टणक खेळपट्टीवर साधासुधा वाटू शकतो. म्हणून जुलैत त्याने मिळवलेले नाव खोटे ठरते काय? ते जुलैचे नाव आहे आणि जुलैत ते पुरते खरे आहे.

आपल्याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी, तेंडुलकर आणि कांबळी यांनी, ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. तो आकडा आज जगभर ठाऊक आहे. ज्या वहीत तो मांडला गेला, त्या वहीपुढे कोण बसले होते हे सांगू शकणारे किती भेटतील? तरीही ६६४ या आकड्यावर जग विश्वास ठेवते, ते त्या वहीवर मैदानाचा विश्वास होता म्हणून. आपले काम या जातीचे आहे.

आता थोडे कडू, कारण आपण गौरवपत्र मागितलेले नाही, उत्तर मागितले आहे. लहान वर्तुळातले नाव माणसाला फार लवकर हळवे करते. पहिल्या रांगेतली खुर्ची कोणाला दिली, निमंत्रणपत्रिकेत नाव कितव्या ओळीत आले, नव्या पोराने वाकून नमस्कार केला की उभ्यानेच केला, असल्या गोष्टींवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली विद्वान माणसे मी जवळून पाहिली आहेत. मोठ्या प्रसिद्धीला तोंड फिरवायला जागा असते. इथे चार माणसे रुसली की अर्धी पंचक्रोशी रुसलेली असते. शिवाय या नावाला नोंद फारशी नसते. ते शंभर-दोनशे माणसांच्या आठवणीवर उभे असते आणि ती माणसे मैदानावर यायची थांबली की तेही थांबते. आता मोबाइलवरच्या ॲपमध्ये धावा भरणारी मुले आली आहेत, तेव्हा आपल्या वेळच्या वह्यांचे काय होणार हा प्रश्न मला मेहुण्यांच्या म्हणीपेक्षा पुष्कळ महत्त्वाचा वाटतो. त्या कुठल्या क्लबच्या कपाटात किंवा माळ्यावर पडल्या आहेत याची यादी आपण करावी आणि जमेल तेवढ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. हे काम आपल्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

मेहुण्यांशी वाद घालू नये. एखाद्या रविवारी त्यांना घेऊन जावे, हातात पेन्सिल आणि कोरे पान द्यावे आणि उपाहारापर्यंत शेजारी बसवावे. त्यांची बेरीज लागली तर मला जरूर कळवा.

प्रश्न : मी कविता लिहितो. माझे दोन संग्रह मी पदरमोड करून छापले आहेत. नुकताच एका संस्थेचा दूरध्वनी आला की, माझी ‘राज्यस्तरीय’ साहित्य पुरस्कारासाठी निवड झाली असून सन्मानपत्र, फेटा, शाल आणि स्मृतिचिन्ह यांसाठी ५,५०० रुपये नोंदणीशुल्क भरावे. पत्नी म्हणते, निदान छायाचित्र तर येईल, भरून टाका. काय करावे?
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर : भरू नका.

अशा एका सोहळ्याला मी एकदा, चौकशी न करता, प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो. उपनगरातल्या एका सभागृहात दोन तासांत ७४ जणांना पुरस्कार दिले गेले. शेवटी शेवटी मी कोणाच्या हातात कोणाचे सन्मानपत्र देत होतो याचे भान मलाही राहिले नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. फेटे भाड्याचे असल्यामुळे बाहेर पडताना दारात ते उतरवून घेतले जात होते. त्या रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो.

मराठीत ‘प्रसिद्ध करणे’ म्हणजे छापणे, आणि छपाईला पैसे पडतात हे आपण दोन संग्रहांच्या वेळी अनुभवले आहेच. म्हणून प्रसिद्धी विकत मिळते यात नवल नाही. लौकिक हा शब्द मात्र ‘लोक’ या शब्दापासून झाला आहे आणि तो लोकांनीच द्यावा लागतो. आपली एखादी कविता कोणी वहीत उतरवून घेतली असेल, एखाद्याने ती आपल्यासमोर चुकीची म्हटली असेल आणि आपण ती दुरुस्त केली असेल, तर त्या दोन माणसांपाशी आपले जे आहे ते त्या स्मृतिचिन्हापेक्षा निश्चित मोठे आहे. वहिनींना छायाचित्रच हवे असेल तर चांगल्या स्टुडिओत दोघांचे काढून घ्या. पुष्कळ स्वस्त पडेल, आणि फेट्याची हौस असेल तर तोही विकत घेता येईल. तो दारात काढून द्यावा लागणार नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांची असून विमा कंपनीत नोकरी करते. मोडी लिपी शिकले आणि तीन वर्षांपासून ती शिकवणाऱ्या छोट्या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकते. मला ११ हजार अनुयायी आहेत. मध्यंतरी मी मोडीतल्या एका शब्दावरून सहज एक विनोदी चित्रफीत केली, ती दोन लाख लोकांनी पाहिली. तेव्हापासून मावसभाऊ मागे लागला आहे की तसेच काहीतरी करत राहा, नोकरी सोड. आई म्हणते, ‘लहानपण देगा देवा’, आहे ते पुष्कळ आहे. दादर स्थानकावर एका अनोळखी बाईंनी मला ओळखले तेव्हा दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. त्याच आठवड्यात एका अनोळखी पुरुषाने माझ्या साडीवरून काहीबाही लिहिले आणि मी रात्रभर झोपले नाही. माझी ही प्रसिद्धी नक्की केवढी आहे आणि तिचे मी काय करू?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ११ हजार म्हणजे किती, हे आधी डोळ्यांपुढे आणा. गर्दीच्या वेळी खच्चून भरलेल्या दोन-तीन लोकल रिकाम्या करून त्यांतल्या सगळ्या माणसांना तुमच्यापुढे मोडीची बाराखडी गिरवायला बसवले आहे, असे समजा. जी लिपी शाळेतून जाऊन कित्येक दशके लोटली, तिच्यासाठी एवढी माणसे जमवणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्या दोन लाखांचे काय, हा मावसभावाचा मुद्दा. त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या दिवशी कागदावर आधी रेघ ओढली आणि तिच्याखाली हात न उचलता एक ओळ लिहून पाहिली? संख्या किती जण थांबले ते सांगते, कशासाठी थांबले ते सांगत नाही. तुम्हाला मोजायचेच असेल तर घरातल्या जुन्या ट्रंकेतला कागद पाठवून ‘ताई, हे काय लिहिले आहे?’ असे विचारणारे दर महिन्याला किती येतात, ते मोजा. २०२३ साली जुन्या, मोडीत लिहिलेल्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ठिकठिकाणी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्या वेळी कोणाला किती अनुयायी आहेत हे कोणी विचारले नाही, ‘वाचता येते का’ एवढेच विचारले.

आईंनी सांगितलेला तुकोबांचा अभंग फार वेळा ‘गप्प बसा’ या अर्थाने वापरला जातो, ते मला पटत नाही. त्यातली पुढची ओळ पाहा: ऐरावत रत्न थोर खरा, पण त्याला अंकुशाचा मार आहे. दोन लाखांचा आकडा हा असाच अंकुश आहे. पुढची चित्रफीत दीड लाखांवर थांबली की ती पडली असे तुम्हाला वाटू लागेल, आणि मोडीतल्या ‘ळ’विषयीची तुमची नेहमीची, सहाशे माणसांनी मन लावून पाहिलेली चित्रफीत तुम्हालाच केविलवाणी दिसू लागेल. विनोद सुचला तर अवश्य करा. त्याच्या मागे मात्र धावू नका.

नोकरीचा प्रश्न भावनेचा नसून आकड्यांचा आहे. केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने २००८ साली असा हिशेब मांडला होता की, कलावंताला जगायला लाखो चाहते लागत नाहीत. त्याचे जवळजवळ सगळे काही विकत घेणारे एक हजार खरे चाहते असले आणि प्रत्येकामागे वर्षाला १०० डॉलर सुटले, तरी वर्षाचे एक लाख डॉलर होतात. हिशेब बरोबर आहे, पण त्यातला ‘खरे’ हा शब्द सगळ्यांत महाग आहे. समजा, तुमच्या ११ हजारांपैकी दीडशे जणांनी १,५०० रुपये भरून तुमचा वर्ग लावला, तर वर्षाचे सव्वा दोन लाख रुपये झाले; म्हणजे महिन्याला पावणेएकोणीस हजार. गिरगावात राहून तेवढ्यावर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी सोडू नका. शनिवारी एक वर्ग सुरू करून पाहा आणि दीडशे येतात की पंधरा, हे कळल्यावर पुन्हा लिहा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. जमले तर तुमच्या पहिल्या तुकडीला एक दिवस तिथे न्या.

राहिला तो साडीविषयी लिहिणारा. त्याला उत्तर देऊ नका, त्याचा मजकूर काढून टाका आणि पुन्हा लिहिले तर पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार करा. तुम्ही काही चुकीचे केलेले नाही, पण एक साधी सूचना करतो: कॅमेरा काही दिवस कागदावर, बोरूवर आणि हातावर ठेवून पाहा. दादरच्या बाईंनी तुम्हाला ओळखले याचा आनंद खराच आहे. मात्र एखाद्या दिवशी कोणी नुसत्या वळणावरून ‘हा हात तुमचाच’ असे ओळखले, तर तो आनंद कसा असतो तेही तुम्हाला कळवता येईल.

प्रश्न : माझे वडील गेल्या पावसाळ्यात वारले. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि २८ वर्षे ठाण्याहून रोज एकाच वेळच्या लोकलने मुंबईला जात. घरी ते अबोल असत. अंत्यविधीच्या वेळी वीस-पंचवीस अनोळखी माणसे टाळ घेऊन आली आणि त्यांनी अभंग म्हटले. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले की, वडील त्या गाडीतल्या भजनी मंडळाचे बुवा होते आणि शेजारच्या डब्यांतही त्यांच्या आवाजाचे नाव होते. त्यांच्यापैकी कित्येकांना वडिलांचे आडनाव ठाऊक नव्हते. ते त्यांनी आम्हाला विचारून घेतले. आम्ही त्यांना घरी कधी गाताना ऐकले नाही. एवढे नाव असून त्यांनी आम्हाला का सांगितले नाही, याचे मला दुःख होते, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही येतो.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमचा राग योग्य आहे आणि तो वडिलांवरच्या मायेतूनच आला आहे. त्यांनी का सांगितले नाही याचे उत्तर मी देऊ शकत नाही, आणि जो कोणी ते छातीठोकपणे देईल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये. त्या डब्यात काय घडत असते, तेवढे मात्र मी सांगू शकतो, कारण उमेदीची काही वर्षे मी अशाच एका मंडळाच्या टाळांच्या आवाजात उभ्याने प्रवास केला आहे.

त्या डब्यात कोणी साहेब नसतो आणि कोणी शिपाई नसतो. जागा ठरलेल्या असतात, ढोलकी कोणी आणायची ते ठरलेले असते, दसऱ्याच्या सुमारास डब्याला फुलांच्या माळा लावून पूजा होते आणि पेढे वाटले जातात. आडनाव विचारण्याचा प्रसंगच येत नाही. ‘बुवा’ ही तिथली पदवी आहे. ती ना कचेरीतल्या हुद्द्याने मिळते, ना नुसत्या वयाने. ज्याने अभंग उचलल्यावर बाकीच्यांचे टाळ आपोआप एका लयीत येतात, त्याला डबा बुवा म्हणू लागतो. आपण एरवी ‘नाव मिळवले’ असे म्हणतो. तुमच्या वडिलांना ज्यांनी थोर मानले, त्यांनी तर त्यांचे नावच विचारले नव्हते. प्रसिद्धीचा इतका नितळ प्रकार मला दुसरा आठवत नाही.

‘पिकते तिथे विकत नाही’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. ती म्हण इथे बसत नाही, कारण वडिलांनी ते घरी विकायला मांडलेच नव्हते. घरात ते वडील होते, कचेरीत कारकून होते आणि मधल्या तासाभरात तिसरेच कोणी होते. त्या तासाला त्यांनी घरची आणि कचेरीची हवा लागू दिली नाही, एवढेच मला तुमच्या पत्रावरून दिसते. त्यात तुम्हाला दूर ठेवण्याचा हेतू होता असे दिसत नाही. घरी गायले असते तर तुम्ही कौतुक केले असते, पाहुण्यांपुढे गायला लावले असते, आणि मग ते गाणे कदाचित त्यांचे राहिले नसते. हा माझा तर्क आहे. तो पटला नाही तर सोडून द्या.

टाळ घेऊन आलेल्यांपैकी एकाचा तरी दूरध्वनी क्रमांक तुमच्याकडे असेल. त्यांना विचारा, गाडी कोणती, डबा कितवा. त्या गाडीने एकदा जा; तुम्ही कोण आहात ते सांगितलेत तर खिडकीजवळची जागा करून देतील. सुरुवातीला गजर होईल, मग रूपाचा अभंग, मग एखादी गौळण. बुवांच्या जागी आता दुसरे कोणी असेल आणि त्याने उचललेल्या चालीत जुन्या बुवांचा हात कुठे आहे, हे ती माणसे तुम्हाला न विचारता दाखवतील. गाडी दादरला निम्मी रिकामी होते तेव्हा उठू नका. भैरवी बहुधा भायखळा सुटल्यावर घेतात.